पाचामुखी परमेश्वर, मग सहाव्याने जावे कुठे?

‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणताना ते पाच कोण, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. कोकणातल्या एखाद्या गावकीत किंवा एखाद्या जातपंचायतीत एखादे घर वाळीत टाकायचे ठरते, तेव्हा ठरवणारे बसलेले असतात आणि ज्याच्याबद्दल ठरते तो बहुधा समोर हात जोडून उभा असतो. कारण काहीही पुरते. मुलीने जातीबाहेर लग्न केले, कोणी पंचांचा निवाडा डावलून कोर्टात गेले, कोणी निवडणुकीत भलत्याच्या बाजूने राहिले. मग त्या घराशी बोलायचे नाही, लग्नकार्याला बोलवायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, आणि हे जो मोडेल त्यालाही दंड. असे प्रकरण बातमीत आले की शहरातल्या सुशिक्षितांत एक समजूतदार सूर हमखास निघतो: त्यांची ती रीत आहे, त्यांच्या जगण्यात तिला काही अर्थ असेल, आपल्या मोजपट्टीने आपण त्यांना का मोजावे? हा सूर उद्दाम नाही, नम्र आहे. म्हणूनच तो खोडणे अवघड जाते. तत्त्वज्ञानात याला नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. बरे-वाईट ठरवणारी समाजाबाहेरची कसोटीच नसते, ज्याची नीती त्याच्या चौकटीत खरी, असे हा विचार सांगतो. माझे म्हणणे एवढेच की तो प्रश्न योग्य विचारतो आणि उत्तर मात्र भलत्याच्या हाती सोपवतो.

आधी त्याचे श्रेय त्याला देऊ. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इराणच्या दरायस राजाची एक गोष्ट नोंदवली आहे. दरबारातल्या ग्रीकांना त्याने विचारले, काय दिले तर तुम्ही वडिलांचे प्रेत खाल? त्यांनी कानांवर हात ठेवले. मग ज्यांच्यात प्रेत खाण्याची चाल होती अशा हिंदुस्थानातल्या एका जमातीला त्याने विचारले, काय दिले तर वडिलांचे प्रेत जाळाल? तीही माणसे तितकीच हादरली. ही गोष्ट आपल्याला समजायला दरायसच्या दरबारात जायला नको. मुंबईत मलबार हिलवर पारशांचा दखमा आहे, तिथून थोड्या अंतरावर बाणगंगेची स्मशानभूमी आहे, मरीन लाइन्सला कबरस्तान आहे. लिंगायत आपल्या माणसाला मातीत बसवतात, शेजारचा ब्राह्मण जाळतो, आणि यांपैकी कोणीही दुसऱ्यापेक्षा आपल्या बापावर कमी प्रेम करत नाही. आपली चाल तेवढी माणुसकीची आणि दुसऱ्याची रानटी, हा गर्व उतरवण्याचे काम सापेक्षतावादाने केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, वंशश्रेष्ठतेच्या कल्पना विद्यापीठांतही मिरवत असताना, मानवशास्त्रज्ञांनी ते हिमतीने केले. मात्र यावरून काही जण ‘पळसाला पाने तीनच’ म्हणून मोकळे होतात, म्हणजे आत सगळ्यांची मूल्ये एकच आणि फरक वरवरचे. अंत्यविधीपुरते ते खरे आहे. अस्पृश्यतेपुरते नाही. माणसाला स्पर्श न करण्याची रूढी ही कुठल्याशा सर्वमान्य मूल्याचा वेगळा पोशाख आहे असे म्हणायला फार कसरत करावी लागेल.

या विचाराची खरी परीक्षा १९४७-४८ मध्ये झाली. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने एक निवेदन काढले. ते मुख्यतः मेलव्हिल हर्सकोविट्स यांनी लिहिले होते. सगळ्या जगाला लागू होणारा जाहीरनामा हा पश्चिमेच्या मूल्यांचाच जाहीरनामा होणार नाही कशावरून, अशी त्यांची शंका होती, आणि वसाहतींच्या त्या काळात ती रास्तही होती. पण जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम करताना, ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशा शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ असा स्वच्छ शब्द हवा म्हणून आग्रह कोणी धरला? भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. पश्चिमेची मूल्ये पश्चिमेपेक्षा जास्त नीट वाचणारी ती बाई पूर्वेची होती. आणि १० डिसेंबर १९४८ रोजी मतदान झाले तेव्हा तटस्थ राहिलेल्या आठ देशांत दक्षिण आफ्रिका होती. तिथे त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या पक्षाने पुढे वर्णभेदाची सारी इमारत उभारली ती ‘प्रत्येक जमातीने आपापल्या संस्कृतीप्रमाणे वेगळे वाढावे’ या भाषेत. दुबळ्यांच्या संस्कृतीचा मान राखण्यासाठी घडवलेले हत्यार धनदांडग्यांनी इतक्या सहज उचलावे, हा निव्वळ योगायोग नव्हे. हत्याराची मूठच तशी आहे.

ती मूठ कशी चालते हे पाहायला आपलेच एक जुने प्रकरण सर्वांत उपयोगी आहे. रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजींशी झाले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, पुढे अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्या काळच्या वादात सनातनी पक्षाचे म्हणणे असे की ही आमची विवाहसंस्था आहे, परक्या सरकारने आणि इंग्रजी शिकलेल्या पोरीने तिला हात लावू नये. ऐकायला हे स्वाभिमानाचे वाटते. पण बायकोला कोर्टाच्या हुकमाने नांदायला लावण्याचा तो दावा मुळात आला होता इंग्लंडच्या चर्चच्या कायद्यातून. हिंदू धर्मशास्त्रात त्याला आधार नाही, हे पिन्हे यांनीच निकालात म्हटले होते. गंमत म्हणजे, हा हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडने १८८४ मध्येच रद्द केली होती. म्हणजे इंग्लंडने टाकून दिलेली शिक्षा मुंबईत ‘आमची परंपरा’ म्हणून उराशी धरली जात होती. हे कोणाच्या लक्षात आले नाही असे नाही. पण सांस्कृतिक चौकट एकदा पवित्र ठरली की तिच्या आत कोणी काय आणून ठेवले हे तपासायची गरज उरत नाही. नांदायला लावण्याचा तो दावा आजही आपल्याकडे आहे, हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ म्हणून.

याच वादातून पुढे संमतिवयाचा कायदा आला. १८६० च्या दंडसंहितेने पत्नीच्या बाबतीत संभोगाच्या संमतीची वयोमर्यादा दहा वर्षे ठेवली होती. १८९० मध्ये कलकत्त्याच्या कोर्टासमोर फुलमणी दासीचा खटला आला. अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगात जखमी होऊन मेली होती. तिचे वय दहाच्या पुढे असल्याने बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाही. नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. मुंबईचे बेहरामजी मलबारी १८८४ पासूनच बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. आता सरकारने मर्यादा दहाची बारा करण्याचे विधेयक आणले आणि मार्च १८९१ मध्ये ते मंजूर झाले. पुण्यात त्यावरून जे रण पेटले ते सर्वश्रुत आहे. रानडे, भांडारकर, तेलंग, आगरकर एका बाजूला. टिळक दुसऱ्या बाजूला. पण टिळक बालविवाहाच्या बाजूचे होते असे समजणे त्यांच्यावर अन्याय होईल. १८९० मध्ये त्यांनी स्वतःच एक प्रतिज्ञा सुचवली होती, की मुलींची लग्ने सोळा वर्षांपूर्वी आणि मुलांची वीस वर्षांपूर्वी करू नयेत. सुधारकांचा कायदा मागत होता फक्त बारा! टिळकांचा वाद वयाशी नव्हता, अधिकाराशी होता: परक्या सरकारने आमच्या घरात शिरू नये. सापेक्षतावाद इथेच दोन प्रश्नांची गल्लत करतो. एखादी गोष्ट वाईट आहे की नाही हा एक प्रश्न, आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाला हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नावर टिळकांशी कोणी पूर्ण सहमत होऊ शकेल आणि तरीही पहिल्याचे उत्तर ‘वाईट’ असेच राहील. परक्याने बोलू नये, यावरून बोलण्यासारखे काही नाही असे निघत नाही.

त्या वादात दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ झाला. भांडारकरांनी ग्रंथ काढून दाखवले की प्रौढ विवाहाला धर्माचा विरोध नाही. विरुद्ध पक्षाने गर्भाधानाची वचने पुढे केली. ज्यांना नीतीचा आधार धर्मग्रंथातच दिसतो त्यांनी हा वाद जरूर वाचावा. एकाच ग्रंथसंभारातून दोन विद्वान दोन उत्तरे काढतात, तेव्हा त्यांतले कोणते घ्यायचे हे ग्रंथ सांगत नाही. निवडणारा माणूस आधीच कुठल्या तरी कसोटीवर उभा असतो. या साऱ्या गदारोळात ज्यांचे शरीर पणाला लागले होते त्या मुलींचा आवाज जवळजवळ कुठेच नव्हता. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाआड पत्रे लिहिली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी आपण तपासलेल्या जखमी बालिकांची यादी जोडून सरकारकडे अर्ज केला. माझ्या मते साऱ्या वादातला सर्वांत वजनदार कागद तोच होता. संस्कृतीबद्दल त्यात एक अक्षरही असण्याची गरज नव्हती. जखमांची नोंद पुरेशी होती.

माझ्या मते नीतीचा भरवशाचा पाया असलाच तर तो इथे सापडतो. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ ही म्हण आपण सहानुभूतीपोटी वापरतो. ती ज्ञानाची म्हण म्हणूनही वापरता येईल. एखाद्या रीतीची किंमत जो मोजतो त्याला तिच्याबद्दल अशी माहिती असते जी पंचांना नसते, आणि ती माहिती वगळून केलेला निवाडा अर्धवट पुराव्यावर केलेला असतो. म्हणून कोणत्याही निर्णयाला विचारायचे ते असे: ज्याच्यावर याचा भार पडणार आहे त्याला तोंडावर सांगता येईल असे कारण तुमच्याकडे आहे का, आणि जागांची अदलाबदल झाली तरी ते कारण तुम्हाला पटेल का? १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर नेमका हाच प्रश्न उभा राहिला. गुरे पाणी पीत होती, अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंदी होती. मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा निर्णय, दोन्ही कागदावर असूनही बंदी होती. २० मार्चला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्यायले, आणि त्यानंतर गावाने तळे गोमूत्राने शुद्ध करून घेतले. सापेक्षतावाद्याला इथे विचारावे की महाडची संस्कृती कोणती? तळे बाटले म्हणणाऱ्यांची, की पाणी प्यायला आलेल्यांची? दोघेही त्याच मुलखातले, तीच भाषा बोलणारे. ‘त्या समाजाची नीती’ असे एकवचन वापरले की उत्तर आपोआप तळ्याच्या मालकांच्या बाजूने पडते. आणि जो सुधारक बहुसंख्येविरुद्ध उभा राहतो तो या हिशेबाने व्याख्येनेच अनीतिमान ठरतो. पुण्याने आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. सापेक्षतावादाप्रमाणे त्या दिवशी पुणे बरोबर होते असे म्हणावे लागेल.

यावर पहिला आक्षेप असा की चोरालाही तुरुंग नको असतो; मग ज्याला सोसावे लागते त्याचेच ऐकायचे तर कोणतीही शिक्षा करता येणार नाही. पण कसोटी ‘त्याला आवडते का’ ही नाहीच. चोराला कारण देता येते, आणि ते त्याला कळते, कारण स्वतःच्या घरी चोरी झालेली त्यालाही चालत नाही. वाळीत टाकलेल्या घराला असे कारण देता येत नाही. मुलीच्या लग्नाने पंचांचे काय बिघडले याचे उत्तर ‘आमचा मान गेला’ यापुढे जात नाही, आणि तो मान जपण्याचा खर्च मात्र मुलीच्या अंगावर टाकला जातो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ज्यांच्यावर रूढीचा भार असतो तीच माणसे पुष्कळदा तिचे समर्थन करतात. सासूने सुनेला छळावे, विधवेनेच दुसऱ्या विधवेच्या केशवपनाचा आग्रह धरावा, हे आपल्या समाजाला नवे नाही. सोसणारी व्यक्तीच ‘मला मान्य आहे’ म्हणत असेल तर बाहेरच्याने तिला अधिक कळते असा आव का आणावा? हा आव आणू नये, हे मला मान्य आहे. पण संमतीला किंमत येते ती नकाराची सोय असेल तेव्हाच. १८९० च्या ऑक्टोबरमधले पुण्याचे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण आठवावे. मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटे घेतली एवढ्यावरून गावातल्या अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, आणि खुद्द रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. टिळकही त्यातून सुटले नाहीत. हुद्दा, विद्या, लोकांचा पाठिंबा, सर्व काही असलेल्या माणसाला कपभर चहासाठी मान तुकवावी लागली, तिथे अकरा वर्षांच्या मुलीची किंवा मोलमजुरी करणाऱ्या घराची ‘संमती’ पुरावा म्हणून कशी धरायची? बहिष्कार हे संमती तयार करण्याचे यंत्र आहे. जिथे ते चालू आहे तिथे एकमताचा दाखला देऊन काही सिद्ध होत नाही. उलट जरा फट पडली की आतूनच आवाज येतो. कंजारभाट समाजातल्या नववधूंच्या कौमार्य चाचणीविरुद्ध २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात मोहीम उभी राहिली, ती त्याच समाजातल्या तरुण-तरुणींनी उभी केली होती. बाहेरचे समजूतदार लोक ‘त्यांची रीत’ म्हणत असताना आतली मुले ‘नको’ म्हणत होती.

सापेक्षतावाद्यांना निरुत्तर करायला एक तर्कशास्त्रातला डाव सांगितला जातो: ‘सर्व नीती सापेक्ष आहे’ हे वाक्यही मग सापेक्षच की! डाव बरोबर आहे, पण त्याने आजवर कोणाचे मत बदलल्याचे दिसत नाही, म्हणून मी त्यावर भर देत नाही. त्यापेक्षा आपल्या कसोटीची मर्यादा कबूल करणे प्रामाणिकपणाचे. सोसणाऱ्याला बोलताच येत नसेल तर काय? अरुणा शानबाग केईएम रुग्णालयात बेचाळीस वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांचे उपचार थांबवावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला तेव्हा त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी विरोध केला. २०११ मध्ये न्यायालयाने ठराविक परिस्थितीत उपचार थांबवता येतात हे तत्त्व मान्य केले, पण अरुणांबाबतचा अर्ज नाकारला, आणि त्यांच्या वतीने कोणी बोलावे याचे उत्तर देताना दूरच्या अर्जदारापेक्षा रोज त्यांना भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या कर्मचाऱ्यांना जवळचे मानले. निकाल बरोबर की चूक यावर सद्हेतूची माणसे आजही भांडतील. आपली कसोटी तिथे निर्णय देत नाही. कोणाचे ऐकायचे याची दिशा तेवढी दाखवते. मुकी जनावरे, पुढच्या पिढ्या, यांच्याबाबतही हीच अडचण आहे. पण काही प्रश्न सुटत नाहीत म्हणून सगळेच प्रश्न सारखे धूसर आहेत असे मानणे म्हणजे संधिप्रकाश असतो म्हणून दिवस आणि रात्र यांत फरक नाही म्हणण्यासारखे आहे.

वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर मुंबई राज्याने १९४९ मध्येच कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द ठरवला. धार्मिक कारणाने समाजाबाहेर काढणे हा पंथाचा आपला कारभार चालवण्याचा अधिकार मानला गेला. त्या घटनापीठात सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे वेगळे पडले. बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी त्यांच्या निकालपत्रात लक्षात आणून दिले. बहुमताने समाजाचा हक्क पाहिला, सिन्हांनी समाजाबाहेर फेकलेला माणूस पाहिला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायाधीशांनी १९६२ चा निकाल पुन्हा तपासायला हवा म्हणून तो नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. मधल्या काळात महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा एकमताने मंजूर केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि तडजोडीचीही सोय आहे. पण ती तडजोड पंचांच्या मर्जीने होत नाही. न्यायालयाच्या परवानगीबरोबर वाळीत टाकल्या गेलेल्या माणसाची संमती असेल तरच होते.